जांबोटी रोडवरची दूधवाली: नेटवरची गोष्ट आपल्या घाटात आली कशी?

तिसरं_गेट
मंडळी एक शंका आहे, खरं जरा लांबून सांगावी लागणार.

मी आठवी-नववीच्या पोरांची ट्यूशन घेते. पावसाळ्यात लाईट गेली की अभ्यास बंद आणि भुताच्या गोष्टी सुरू, ह्यात नवीन काही नाही, आपण पण तेच केलोय. यंदा मात्र दोन वेगळ्या बॅचमधल्या पोरांनी एकच गोष्ट सांगितली. जांबोटीहून कणकुंबीकडं जाताना रात्री एक बाई दुधाची किटली घेऊन मोरीजवळ उभी असते. गाडीला हात करते, थांबलात तर "दूध घ्या" म्हणते, नको म्हटलं तर पुढच्या वळणावर परत तीच, आणि तिसऱ्या वेळी ती रस्त्यावर नसतेच, मागच्या सीटवर असते. एकाच्या मामाच्या ड्रायव्हरला दिसली म्हणे, दुसऱ्याच्या बाबांच्या ऑफिसातल्या शिपायाला. माणसाचं नाव विचारलं की कुणालाच ठाऊक नाही, गाडी केए २२ होती हे मात्र पक्कं.

मला हे कुठंतरी वाचल्यासारखं वाटलं म्हणून शोधलं तर सापडलं. फेसबुकवर भयकथांचं एक पेज आहे, त्यावरची जुनी कथा, खाली लिहिणाऱ्याचं नाव, वर "काल्पनिक" असं स्पष्ट. पण ती गोष्ट कशेडी घाटातली आणि ट्रक एमएच ०८. आणि मजा बघा, आमच्या पोरांच्या गोष्टीत ड्रायव्हर "पोलादपूरला चहा पिऊन निघाला" हे तसंच राहिलंय! बेळगावातून गोव्याला निघालेला माणूस चहाला पोलादपूरला कशाला जाईल? घाट बदलला, नंबरप्लेट बदलली, चहा तेवढा तिथंच राहिला.

इथवर गंमत होती. खरं गेल्या महिन्यात आम्ही चोर्ल्याकडून येत होतो तर एका मोरीच्या कठड्यावर हळद-कुंकू, अर्धी जळालेली उदबत्ती आणि प्लास्टिकच्या कपात दूध. वर माश्या. घाटात लिंबू-नारळ नेहमीच दिसतात, दूध मी पहिल्यांदा बघितलं. सासूबाई मागून म्हणाल्या, "सकाळी चहाला पाकीट मिळत नाही आणि हे मोरीला पाजूलेत."

तर विचारायचं ते हे, की "काल्पनिक" म्हणून लिहिलेली गोष्ट थेट उदबत्ती लावण्यापर्यंत कशी काय जाते?

भयकथा_वेडा
बाई हे जगभर झालंय, तुमचा तर फक्त दुधाचा कप. (मी मूळ अनगोळचा, सध्या पुण्यात, ह्या विषयाचं जरा व्यसन आहे, सांभाळून घ्या.)

सगळ्यात गाजलेलं उदाहरण स्लेंडर मॅनचं. १० जून २००९ ला समथिंग ऑफुल नावाच्या अमेरिकन फोरमवर एक धागा चालू होता, साधे फोटो एडिट करून भुताचे वाटतील असे बनवा. एरिक नूडसन म्हणून एकानं दोन ब्लॅक अँड व्हाईट फोटो टाकले, खेळणारी पोरं आणि मागं एक अति उंच, काळ्या सुटातला, चेहरा नसलेला माणूस. त्याची खरी हुशारी फोटोपेक्षा खालच्या ओळीत होती, की हा फोटो लायब्ररीला लागलेल्या आगीतून मिळाला, अमुक साली इतकी पोरं गायब झाली. म्हणजे कथा सांगितलीच नाही, पुरावा म्हणून मांडली. मग बाकीच्यांनी धंदाच काढला, कोण यूट्यूबवर सीरियल करतंय, कोण गेम करतंय, कोणी तर जुन्या जर्मन लाकडी छापाची खोटी चित्रं बनवून टाकली, की बघा हा चारशे वर्षांपूर्वी पण होता! जून २००९ मध्ये जन्मलेल्या भुताला परस्पर आजोबा-पणजोबा मिळाले.

ह्यात लपवाछपवी काहीच नव्हती बरं का, जन्माचा धागा सगळ्यांसमोर उघडा पडलेला होता. तरीही ३१ मे २०१४ ला विस्कॉन्सिन राज्यात वॉकेशा गावात बारा वर्षांच्या दोन मुलींनी आपल्याच वर्गातल्या मुलीला जंगलात नेऊन १९ वेळा भोसकलं, का तर स्लेंडर मॅन खूश व्हावा म्हणून. ती पोरगी सरपटत रस्त्यापर्यंत आली आणि वाचली. त्या दोघी तिथून त्याच्या वाड्यात राहायला निघाल्या होत्या. कोर्टानं मानसिक आजार धरून त्यांना हॉस्पिटलात पाठवलं.

चिकित्सक_खानापूर
शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, ते तुम्ही घाईत उरकलं. दोघींपैकी कुणालाच साधी "गोष्टीची भुरळ" पडलेली नव्हती, आजार होता. लाखो पोरांनी तेच वाचलं आणि रात्री लाईट चालू ठेवून झोपली, बस. त्यामुळं "इंटरनेटनं पोरं बिघडवली" हा सूर कृपा करून इथं नको, ती पण एक भयकथाच आहे.

आठवा २०१७ चा ब्लू व्हेल. ५० दिवसांचा खेळ, रोज एक टास्क, शेवटी आत्महत्या. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं गूगल, फेसबुक, व्हॉट्सअॅप सगळ्यांना पत्र पाठवलं की लिंका काढा. टीव्हीवर रोज चर्चा. आणि जानेवारी २०१८ ला हंसराज अहिर गृहराज्यमंत्री होते, त्यांनी लोकसभेत सांगितलं की समितीनं तपासलं, एकाही घटनेत त्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही. ही बातमी किती जणांनी वाचली? भीतीची बातमी पहिल्या पानावर, खुलासा कुठंतरी टेंडर नोटिशीच्या शेजारी.

अनुपमा_शहापूर
मोमो विसरलात काय 😅 आमच्या घरात तो महिनाभर मुक्कामाला होता.

फेब्रुवारी २०१९. पालकांच्या ग्रुपवर तो फोटो आला, डोळे बटाट्याएवढे, तोंड कानापर्यंत, केस चिकटलेले. खाली लिहिलेलं की कार्टूनच्या मधी ही येते आणि पोरांना हाताला कापून घ्यायला सांगते, ताबडतोब सगळ्या पालकांना पाठवा. मी घाबरून पाठवलं, माझ्या जावेनं पाठवलं, शाळेतनं पण तोंडी सूचना आली. आमच्या चिरंजीवांना मोमो कोण हे तोवर माहीतच नव्हतं! आम्ही "तू हे बघितलास काय रे" म्हणून फोटो दाखवून विचारलं आणि त्या रात्रीपासून तो एकटा बाथरूमला जाईना. म्हणजे पोराला मोमो दाखवली कुणी? आईनं.

नंतर वाचलं की ती बाई म्हणजे जपानमधला एक पुतळा, केइसुके आइसो नावाच्या कलाकारानं बनवलेला, २०१६ ला टोकियोच्या गॅलरीत होता, रबराचा की कशाचा तो कुजून गेला म्हणून २०१८ लाच टाकून दिलेला. इंग्लंडातल्या बालसंस्था पण म्हणाल्या की ह्यानं कुणाला इजा झाल्याचा पुरावा नाही, अफवेचीच भीती जास्त. आणि तो पुतळा जपानी भुतावरनंच केलेला, बाळंतपणात गेलेली बाई. वाचून मी म्हटलं ही तर आपली हडळच की, फक्त जपानहून व्हाया इंग्लंड आली.

कणकुंबीकर
मॅडम तुमचा धागा पोरानं वाचून दाखवला म्हणून लिहूलोय, चुकलं तर समजून घ्या.

मी ह्या रोडला भाजीचा टेम्पो मारतो, बेळगाव मार्केटातनं रात्री भरायचा, उजाडायच्या आत साखळी-म्हापसा. ते दूध मी ठेवलो नाही. खरं ठेवणाऱ्याला हसणार बी नाही.

तुमी लोक कारमधनं दिवसा जाता. रात्री दोन-अडीचला पावसाचं जावा एकदा. जांबोटी सोडली की मोबाईलची रेंज जाते. गाणी बंद, फोन बंद, वायपरचा आवाज आणि तुमी. आणि जांबोटीला चहाच्या टपरीवर क्लीनर पोरगं मोबाईलवर हेच वाचून दाखवलेलं असतंय. मग पुढचा तासभर डोक्यात काय फिरणार, तेच. धुक्यात किलोमीटरच्या दगडावर लाईट पडली की पांढरा-पिवळा दगड, वरनं पाणी गळूलंय, लांबून बघितलं तर बाई डोईवर पदर घेऊन वाकून उभारल्यागत दिसतंय. मला दिसलंय. दगड आहे हे माहीत असून अंगावर काटा आलाय. आणि पुढच्या वळणावर परत तीच म्हणता, तर पुढच्या किलोमीटरला पुढचा दगड असणारच की ओ.

आता दुसरं सांगतो. ती मोरी अरुंद आहे, समोरनं ट्रक आला तर दोन गाड्या मावत नाहीत, कठडा एका बाजूचा गेलेला. बोर्ड लावा म्हणून किती वेळा सांगून झालं. आता पोरं तिथं दूधवालीला भिऊन गाडी स्लो करतात, हॉर्न मारतात. बोर्डानं व्हायचं काम किटलीनं केलं. मग मी कशाला सांगू ती खोटी आहे म्हणून?

तिसरं_गेट
दादा, दगडाचं ऐकून मी आता दिवसा पण त्या रोडला जाणार नाही 😄

खरं तुम्ही जे सांगितलात ना, रेंज जाते ते, हे मला सुचलंच नव्हतं. गोष्ट रेंजमध्ये वाचायची आणि बिनरेंजच्या जागी जगायची.

हळे_बेळगाव
नमस्कार. आमच्या घरी कन्नड, गल्लीत मराठी, त्यामुळं दोन्हीकडची भुतं फुकट.

हीच दूधवाली मला कन्नडमधून ऐकायला मिळाली, गोकाककडच्या मित्राकडून. त्यात एक भर आहे. ती "दूध घ्या" म्हणाली की नको म्हणायचं नाही, "नाळे बा" (म्हणजे "उद्या ये") म्हणायचं, मग ती निघून जाते. आता हे कुठून आलं ते कर्नाटकात कुणालाही विचारा. नव्वदच्या दशकात बेंगळुरात बोलवा होती, रात्री एक बाई दार वाजवते, ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की संपलं. म्हणून लोक दारावर, भिंतीवर कन्नडात "उद्या ये" असं लिहून ठेवायचे, ती वाचून परत जायची, दुसऱ्या दिवशी परत तेच वाचायची. भूत शिकलेलं पण विसरभोळं. पुढं २०१८ च्या 'स्त्री' पिक्चरात हेच चंदेरीला नेऊन "ओ स्त्री कल आना" केलं.

म्हणजे कोकणातल्या कथालेखकाची बाई आणि बेंगळुरातला मंत्र, दोघांची गाठ पडली आपल्याकडं. सीमाभागात दुसरं काय होणार म्हणा. बसच्या पाटीवरनं आपण भांडतो, भुताला दोन्ही भाषा येतात.

भयकथा_वेडा
वा! इंटरनेटच्या आधीचा "नाळे बा" आणि नंतरची दूधवाली एकात एक मिसळली हे भारीच. कथा लिहिणाऱ्याला पण हे सुचलं नसतं.

अजून एक. २००९ चीच 'कँडल कोव्ह', क्रिस स्ट्रॉब नावाच्या लेखकाची. ती कथा लिहिलीच आहे अशा धाग्याच्या रूपात. चार-पाच जण गप्पा मारतायत की लहानपणी टीव्हीवर एक विचित्र बाहुल्यांचा कार्यक्रम लागायचा, तुला आठवतो का, हो मला पण आठवतो, आणि शेवटी एक जण सांगतो की आईला विचारलं तर ती म्हणाली तू नुसत्या मुंग्या आलेल्या टीव्हीकडं अर्धा तास बघत बसायचास. ही गोष्ट दुसऱ्या फोरमांवर धागा म्हणूनच चिकटवली गेली आणि वाचणारे खरोखर सांगायला लागले की हो, मी पण बघितलाय!

बॅकरूम्स घ्या. २०१९ ला एका पिवळ्या रिकाम्या खोलीच्या फोटोवरून अख्खं विश्व उभं राहिलं, की जगातून "घसरलात" तर तिथं पडाल. २०२४ ला लोकांनी शोधून काढलं, तो फोटो विस्कॉन्सिनमधल्याच ऑशकॉशच्या एका दुकानाचा, २००२ साली दुरुस्ती चालू असताना काढलेला. उलगडा झाला, काय फरक पडला? काही नाही. उलट लोक त्या दुकानाकडं तीर्थासारखे बघायला लागले.

सुभेदार_रिटायर्ड
जय हिंद. तुम्ही सगळे इंटरनेट इंटरनेट करताय म्हणून लिहितो.

फौजेच्या सेंटरात असताना पहिल्या महायुद्धाचं बरंच वाचलं होतं, मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या म्हणून त्या काळाची आवड. ऑगस्ट १९१४ ला बेल्जियममध्ये मोन्स इथं इंग्रज फौज मागं हटली. आर्थर मॅकेन हा लेखक, त्यानं २९ सप्टेंबरला लंडनच्या इव्हनिंग न्यूजमध्ये 'द बोमेन' ही कथा छापली. त्यात संकटात सापडलेल्या सैनिकांच्या मदतीला ॲजिनकोर्टच्या लढाईतले जुने तिरंदाज भूतरूपानं येतात आणि जर्मन पडतात. कथाच, पण प्रत्यक्ष पाहिल्यासारखी लिहिलेली. चर्चच्या मासिकांनी ती पुन्हा छापायला परवानगी मागितली. एका पाद्र्यानं विचारलं, तुमचे पुरावे कळवा. मॅकेननं कळवलं की बाबा मी ती रचलीय. पाद्र्याचं उत्तर आलं, तुमचाच काहीतरी गैरसमज होतोय, मूळ घटना खरीच असणार, तुम्ही फक्त ती फुलवली असेल! पुढं तिरंदाजांचे देवदूत झाले आणि "माझ्या ओळखीच्या नर्सला एका जखमी सैनिकानं सांगितलं" असे साक्षीदार पण निघाले. मॅकेन जन्मभर सांगत राहिला, कोणी ऐकलं नाही.

तेव्हा ना फेसबुक ना व्हॉट्सअॅप. एक पेपर, युद्ध, आणि पोरगा रणात असलेली आई. तिला ती गोष्ट हवी होती.

बाकी फौजेत असल्या श्रद्धांना आम्ही हसत नाही. नथुलाला बाबा हरभजनसिंग यांचं ठिकाण आहे, १९६८ ला गेलेला शिपाई, त्यांची खोली रोज आवरतात, बूट पॉलिश करतात. बारा-चौदा हजार फुटांवर रात्रीची ड्युटी केलेला माणूस तिथं वाद घालत नाही.

चिकित्सक_खानापूर
साहेब तुमचा मान राखून बोलतो. आईला गोष्ट हवी होती, ड्रायव्हरला भीती उपयोगी पडली, सगळं गोड आहे. पण हीच यंत्रणा माणसं पण मारते.

२०१८ आठवा. पोरं पळवणारी टोळी आली म्हणून एक व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावरच्या पोराला उचलून नेतात. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेचा जागृतीसाठी केलेला, ठरवून अभिनय केलेला. शेवटी ते पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. बस, एवढंच केलं. १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं, मंगळवेढ्याकडची गरीब माणसं. १३ जुलैला आपल्याच कर्नाटकात बीदर जिल्ह्यात मुरकीला हैदराबादच्या एका तरुण इंजिनियरला मारलं, का तर त्याच्यासोबतच्या एकानं शाळेच्या पोरांना चॉकलेट दिली. फोटो गाडीच्या आधी पुढच्या गावात पोचले होते. त्यानंतर व्हॉट्सअॅपनं भारतात फॉरवर्ड पाच जणांवर आणलं.

"काल्पनिक" हा शब्द गळणं आणि फलक कापला जाणं ह्यात मला फार अंतर दिसत नाही. आज किटलीवाली बाई आहे, उद्या रात्री खरीच एखादी गवळण, शेवटची बस चुकलेली, गाडीला हात करेल. तिला थांबणार आहे कोण? आणि कुणी घाबरून गाडी अंगावर घातली तर?

जाता जाता, आपल्याकडं अमावस्येला स्मशानाजवळनं न जाणारी माणसं आहेत आणि २०१४ ला सतीश जारकीहोळी मंत्री असताना ६ डिसेंबरला बेळगावातल्या सदाशिवनगरच्या स्मशानात रात्रभर राहिले, तिथंच जेवले. राजकारण बाजूला ठेवा, एका रात्रीनं जेवढं झालं तेवढं माझ्या दहा भाषणांनी होत नाही. कर्नाटकात २०१७ चा कायदा आहे, २०२० पासून लागू आहे, पण तो अघोरी प्रथांसाठी, दुधाच्या कपाला तो लागत नाही आणि लागू पण नये.

कणकुंबीकर
सर ही गवळणीची गोष्ट मात्र बरोबर बोललात. परवाच मी एका म्हातारीला थांबलो नाही. हातात पिशवी होती, किटली नव्हे. पुढं गेल्यावर वाटलं कुणाची आई असेल तर. परत वळवायला जागा नव्हती.

तिसरं_गेट
दादा 🙏

सगळ्यांचं वाचून माझं मत असं झालंय की गोष्ट खोटी आहे का खरी हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. त्यांना दोन गोष्टी लागतात. एक, आपल्या ओळखीचं ठिकाण. कशेडीतली बाई कशेडीतच राहिली असती तर आमच्या पोरांनी ती पिक्चरसारखी ऐकून सोडून दिली असती, जांबोटी म्हटल्यावर ती आपली झाली. दुसरं, काहीतरी करायला मिळालं पाहिजे. नाळे बा म्हणा, कप ठेवा, हॉर्न मारा, ग्रुपवर पाठवा. एकदा माणूस काहीतरी करायला लागला की मग "अहो ही तर कथा होती" असं सांगून काही होत नाही, कारण आता तो गोष्टीवर नाही, स्वतः केलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवत असतो. मॅकेनच्या पाद्र्याचं पण तेच की.

पोरांना मी मूळ कथा आणि त्यांची कथा शेजारी शेजारी ठेवून दाखवली, पोलादपूरचा चहा पकडायला लावला. "खोटं आहे" असं म्हटलंच नाही. मज्जा आली त्यांना, एकदम डिटेक्टिव्ह झाली. एकीनं तर विचारलं, बाई मग चकवा आणि आसरा पण कुणीतरी आधी लिहिल्या होत्या काय, फक्त त्यांच्या लेखकाचं नाव पुसलं? मी म्हटलं हा प्रश्न परीक्षेत येत नाही, खरं उत्तर शोधत राहा.

निपाणीचा_बापू
उशिरा आलो. ओ ताई ही बाई तुमची एकट्याची नव्हे! आमच्याकडं ती तवंदी घाटात असते, हायवेला. आणि तिच्या हातात दूध नसतंय, तंबाखूचा बोद असतोय, "चुना हाय काय" म्हणून विचारते. चुना दिला तर सोडते, नाही म्हटलं तर मागच्या सीटवर. 😂 निपाणीत दूध कोण विचारतंय.

खरं एक सांगतो, ही नेटवरची नव्हे. आमचा मामा म्हणतोय १९८५ ला पण होती, तवा कुठलं फेसबुक?

भयकथा_वेडा
बापू, जर्मन लाकडी छाप! मामाच्या रूपात!

तिसरं_गेट
बापू, भांडण नाही, खरंच विचारते. मामांना एवढंच विचारून सांगा, १९८५ ला त्यांना ती कुणी सांगितली? आणि तेव्हा पण ती "मागच्या सीटवर" बसायची की दुसरं काही करायची? जुनी असेल तर उलट मला आनंदच, मग कथालेखकानंच ती कुठल्यातरी मामाकडनं ऐकलेली असेल.

निपाणीचा_बापू
विचारलो. म्हणाला, तवा मागची सीट असलेली गाडी होती कुणाकडं, बैलगाडीच्या जूवर बसायची. आणि कुणी सांगितली म्हटल्यावर थोडा वेळ गप बसला, मग म्हणाला तूच मागल्या दिवाळीत मोबाईलवर वाचून दाखवलास की. मी म्हटलो मामा, मग १९८५? तर माझ्यावरच चिडला, म्हणतोय "तू दाखवलास म्हणून आठवली रं, न्हाईतर विसरलो होतो."

आता ह्यावर काय बोलायचं ते तुमीच सांगा, मी गप.